पुढून दुधाचा हिशेब, मागून गाणी

माझ्याकडे एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी लावलेली. पुढून उघडली की दुधाचा हिशेब लागतो आणि मागून उघडली की गाणी. १९८१ साली धाकट्या दिरांच्या कॉलेजच्या वह्यांबरोबर ती एक जास्तीची आली आणि दुधासाठी स्वयंपाकघरात खिळ्याला लागली. एक दिवस मी तांदूळ निवडत होते आणि रेडिओवर माणिक वर्मांचे एक भावगीत लागले. मी ते पूर्वी कधी ऐकलेले नव्हते. निवेदिकेने शेवटी गीत कोणाचे, संगीत कोणाचे ते सांगितले. हाताशी दुसरा कागद नव्हता, म्हणून वही उलटी करून तांदळाच्याच हाताने नावे टिपून घेतली. तिथून हे सुरू झाले.

गाण्यांच्या वह्या तेव्हा पुष्कळ घरांतून असत. माझा थोरला भाऊ दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐके. अमीन सायानींचा तो कार्यक्रम १९५२ साली सुरू झालेला. कुठले गाणे कितव्या पायदानावर, ते भाऊ लाल शाईने लिही. माझ्या वहीत नंबर नाहीत. एकच नियम आहे: ज्याचे-त्याचे तोंडी असलेले गाणे लिहायचे नाही, आपल्याला अवचित सापडले तेच लिहायचे. गाणे, गाणारा, चाल लावणारा, कवी आणि पाचवा रकाना, तेव्हा मी काय करीत होते त्याचा. तुम्ही म्हणाल, हा पाचवा रकाना कशाला? अहो, त्या रकान्यात ‘पुरणाचा घाट, गॅस संपला’ किंवा ‘मोठीला गोवर, तिसरी रात्र’ असे वाचले की सगळे गाणे कानात उभे राहते.

ह्यांना वाटे, हे दोन दिवसांचे खूळ. एकदा महिनाअखेरीला दुधाचे चार लिटर कमी भरले, तर म्हणाले, “मागच्या बाजूला बघ. कुठल्यातरी गाण्यात सांडलं असेल.”

वहीतले बाहेर कसे आले ते सांगते. १९८४ च्या संक्रांतीला वाण काय लुटायचे, हा प्रश्न पडला. प्लॅस्टिकच्या वाट्या सगळ्यांकडे झालेल्या. मी जाड कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर पाच-पाच गाणी लिहिली आणि तिळगुळाबरोबर दिल्या. एका काकूंनी चिठ्ठी उलटसुलट करून विचारले, “वाण कुठाय?” मी इतकी ओशाळले की उरलेल्या बायकांना घाईघाईने साबणाच्या वड्या दिल्या. पण आठ-दहा दिवसांनी शेजारच्या वहिनी दारात आल्या. म्हणाल्या, “तुमच्या चिठ्ठीतलं तिसरं गाणं काल ‘आपली आवड’मध्ये लागलं. पोळी करपली हो माझी.” मग आमच्या भिशीत तो शिरस्ताच पडला. चिठ्ठी निघाली की ज्या बाईचा नंबर लागेल तिने तिला सापडलेले एक गाणे सांगायचे, येत असेल तर म्हणायचे.

कॅसेटींची देवघेवही सुरू झाली, आणि त्यात मी एकदा चांगलीच पोळले. रेडिओपाशी बसून, कुकरची शिट्टी सांभाळून भरलेली दीड तासाची कॅसेट एकीने नेली. परत आली तेव्हा तिच्यावर मंगलाष्टके! कोणाच्यातरी लग्नात तीच हाताला लागली होती. तेव्हापासून एक गोष्ट शिकले. फीत दिसते त्याच्या विरुद्ध कडेला, दोन्ही कोपऱ्यांत चिमुकल्या खिट्ट्या असतात. त्या मोडल्या की कॅसेटवर नवीन काही भरता येत नाही. अजूनही ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील त्यांनी त्या काढाव्यात, फितीवर बुरशीचे पांढरे डाग नाहीत ना ते पाहावे, एकदा पुढे-मागे फिरवून घ्याव्यात आणि मग लागलीच त्यांची नक्कल करून ठेवावी. घरच्या माणसांचे आवाज असतील तर त्यांची आधी.

जुन्या तबकड्यांची गोडी मात्र मला सासूबाईंनी लावली. त्या मिरजेच्या. सतार-तंबोऱ्यांचे गाव ते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तिथेच बिऱ्हाड केले होते. १९३७ साली ते गेले, त्यांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाण्याचा उत्सव होतो. एका दुपारी मी खाँसाहेबांच्या कन्येची, हिराबाई बडोदेकरांची कॅसेट लावली होती. सासूबाई वाती वळत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, “हा षड्ज असा लावायला मला चार महिने लागले होते.”

लग्न होऊन मला सहा वर्षे झाली होती. सासूबाई गाणे शिकलेल्या आहेत हे मला ठाऊक नव्हते. ह्यांनाही नव्हते! लग्नाआधी दोन वर्षे त्या एका बुवांकडे शिकल्या. १९४८ साली लग्न झाले. तंबोरा माहेरीच राहिला. मी विचारले, “आई, इथे कुणी नको म्हणालं का?”

“नको कुणीच म्हटलं नाही गं. पण गा, असंही कुणी म्हटलं नाही.”

त्यानंतर त्या मला कसे ऐकायचे ते सांगू लागल्या. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. एरवी तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवायचा, म्हणून पहिल्या आलापापासून कान टवकारून बसायचे. गौहरजान १९०२ साली कलकत्त्यात गायल्या, तेव्हा गाणे संपल्यावर त्यांनी आपले नाव मोठ्याने सांगितले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला निघत, तिथल्या लोकांना कळावे कोण गाते आहे म्हणून. हे मी पुढे वाचले. सासूबाईंना सांगितले तर म्हणाल्या, “बरं केलं तिने. सांगावंच आपलं नाव.”

त्यांना भीमपलासीतली एक चीज अर्धी आठवत होती. अस्ताई पक्की, अंतरा पार गेलेला. रात्री झोप लागेना की त्या पांघरुणातून तेवढीच गुणगुणत आणि त्याच जागी थांबत. मी वहीत अस्ताई लिहिली, खाली अर्धे पान कोरे सोडले. रेडिओवर ती कधी लागली नाही. शेवटी माझा नंबर आला त्या भिशीत मी सासूबाईंनाच म्हणायला लावले. सदतीस वर्षांनी चारचौघींत. आवाज पहिल्यांदा फाटला, मग लागला. आमच्यातल्या एकीच्या आई कुरुंदवाडहून आल्या होत्या, भिंतीशी बसल्या होत्या. सासूबाई थांबल्या तिथून त्यांनी अंतरा उचलला!

सगळ्या बायका गप्प. सासूबाई मात्र दोन ओळी ऐकून म्हणाल्या, “छे, असा नाही तो.” आणि त्यांचा त्यांना आठवला. मग दोघींचे जे जुंपले! पोहे गार झाले. एक म्हणे बुवांनी असाच शिकवला, दुसरी म्हणे आमच्याकडे तसाच होता.

सासूबाई २००४ साली गेल्या. आता नात मोबाईलवर जुन्या तबकड्या शोधून देते. परवा तिनेच मला सांगितले की केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉएजर यानांबरोबर अंतराळात गेली आहे, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर. मी ते वहीत लिहिले. पाचव्या रकान्यात ‘शेंगा सोलत होते’.

ती भीमपलासीतली चीज मात्र नातीलाही कुठे सापडलेली नाही. सध्या तरी ती माझ्या वहीतच आहे. सोडलेल्या अर्ध्या पानावर दोन अंतरे आहेत. वरचा कुरुंदवाडच्या आजींचा, मी उतरवून घेतलेला. खालचा सासूबाईंच्या हातचा, शिसपेन्सिलीने लिहिलेला, आणि त्याच्यापुढे कंसात: ‘हा बरोबर.’