हापशाचा खर्च कोणत्या खात्यात?

नगरहून जामखेडला जायचे तर मधला बराच रस्ता बीड जिल्ह्यातला. कडा, आष्टी ओलांडायचे आणि मग पुन्हा आपल्या जिल्ह्यात शिरायचे. हाताशी पैसा नाही आणि घरात मूल तापाने फणफणलेले, अशा माणसासाठी १९७० साली हे अंतर किती लांब होते, याची नोंद कुणाच्याच दप्तरी नव्हती. त्या वर्षी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. गुरांच्या जुन्या, बंद पडलेल्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केले. त्यातूनच पुढे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा राहिला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरची माणसे जामखेड बघायला येऊ लागली.

या कामाबद्दल आजवर बहुतेकांनी सेवा आणि त्याग याच शब्दांत लिहिले. ते खोटे नाही. पण मला त्याचा मागोवा पैशाच्या बाजूने घ्यावासा वाटतो. आरोग्यावरचा रुपया कुठे टाकला म्हणजे जास्त जीव वाचतील, हा प्रश्न आज दिल्लीतल्या समित्या विचारतात. जामखेडने तो फार आधी विचारला होता, आणि उत्तर शोधता शोधता हिशेबाची वहीच रुंद करावी लागली होती.

त्याची सुरुवात जामखेडच्याही आधी, वडाळ्यात झाली. वेल्लोरला शिकून आलेले हे जोडपे याच जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करत होते. रुग्णालय गजबजलेले असे, शस्त्रक्रिया होत, माणसे बरी होऊन घरी जात. काही महिन्यांनी तीच माणसे, तीच मुले, तेच आजार घेऊन परत येत. जुलाब, गोवर, धनुर्वात, कुपोषण. यातले बहुतेक आजार मुळात होऊ न देण्यासारखे होते. रुग्णालय कितीही कार्यक्षम असले, तरी आसपासच्या खेड्यांतले मृत्यू त्याने कमी होत नव्हते. माझ्या मते या जिल्ह्यातला आरोग्याच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा हाच. त्याला आकडेमोड लागली नाही, पुन्हापुन्हा येणारे चेहरे ओळखू येणे पुरेसे झाले. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते डॉ. कार्ल टेलर यांच्या हाताखाली शिकले. टेलर त्या काळात पंजाबातल्या नारंगवाल इथे, गावपातळीवरच्या आरोग्यसेवेतून किती खर्चात काय साधते याचा बारकाईने अभ्यास करत होते. दोघे परतले ते ही दृष्टी घेऊन.

जामखेडच्या गावांनी मात्र त्यांच्याकडे पहिल्यांदा औषध मागितलेच नाही. लोकांनी अन्न मागितले, पाणी मागितले. वर १९७२ चा दुष्काळ आला. मग मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले, विहिरींची कामे निघाली, बोअर घेऊन हापसे बसवले गेले. हापसा कुठे बसवायचा, हाही प्रश्न होताच. तो गावठाणात बसला असता तर दलित वस्तीतल्या बायकांच्या घागरी पूर्वीसारख्याच दुसऱ्याच्या मर्जीवर भरल्या असत्या. म्हणून हापसे दलित वस्तीत बसले आणि सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथे यावे लागले.

आता हा खर्च लिहायचा कुठे? पाणीपुरवठ्यात, दुष्काळ निवारणात, सामाजिक न्यायात की आरोग्यात? हगवणीने मरणारी मुले कमी झाली तर त्याचे श्रेय मीठ-साखरेच्या पाण्याला द्यायचे की हापशाला? कार्यालयीन हिशेबाला एका खर्चासमोर एकच परिणाम लागतो. जामखेडच्या बाईच्या घरी हे सगळे एकाच दिवशी, एकाच चुलीपाशी घडत होते.

दुसरा धडा माणसांचा. आधी प्रशिक्षित परिचारिकांनी गावात राहून काम करावे असा बेत होता. तो जमला नाही. बाहेरून आलेली तरुण नर्स गावात रुळत नव्हती आणि गावही तिला आपली मानत नव्हते. मग गावातलीच बाई निवडायची ठरले. अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, शिकत आणि शिकलेले गावात नेऊन लावत. सुईण ज्या विळ्याने नाळ कापायची, त्याच्या जागी स्वच्छ पाते आले आणि बाळाचा धनुर्वात टळू लागला. त्या पात्याची किंमत काही पैसे होती. ते वापरायला घरच्या सासूचे मन वळवणे, ही खरी गुंतवणूक, आणि ती पाठ्यपुस्तक पाठ असलेल्या कुणापेक्षा शेजारची ओळखीची बाईच करू शकत होती. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला.

या कामाने जग हलले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या एका पुस्तकात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते. १९७८ मध्ये अल्मा आटाच्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली. आणि वर्षभरातच, १९७९ मध्ये, वॉल्श आणि वॉरन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी नेमका खर्चाचाच मुद्दा काढला. सर्वंकष सेवा गरीब देशांना परवडणार नाहीत, तेव्हा कमी पैशांत जास्त मृत्यू टाळणारे मोजके उपाय निवडा, असे त्यांचे म्हणणे. पुढे युनिसेफने वाढीचा तक्ता, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण यांवर भर दिला. त्यातून असंख्य मुले वाचली, हे मान्यच करायला हवे. पण त्या यादीत हापसा नव्हता. दलित वस्तीचा प्रश्न नव्हता. सामुदायिक स्वयंपाकाला एकाच आजारावरचा उपाय म्हणता येत नाही, म्हणून तोही नव्हता. मोजायला सोपे ते स्वस्त ठरले. मोजायला अवघड ते ‘परवडत नाही’ या सदरात गेले. खर्चाचा पुरावा वापरण्याला माझा विरोध नाही. जो पुरावा मोजपट्टीत मावला नाही, त्याची किंमत शून्य धरली गेली, हे मला खुपते.

जामखेडची तटस्थ तपासणी व्हायला बराच वेळ लागला. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये एक अभ्यास आला. प्रकल्पातली गावे आणि आसपासची इतर गावे यांची त्यात तुलना होती. प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला, मात्र हा फरक मुख्यतः जन्मानंतरचा पहिला महिना उलटल्यावर दिसत होता. पहिल्या महिन्याचे कोडे तोवर दुसरीकडे सोडवले गेले होते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी, आणि खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर. हा आकडा होता म्हणून सरकारच्या दारात बोलता आले. २०११ मध्ये घरच्या घरी नवजात काळजीचा कार्यक्रम गावातल्या आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर लागू झाला.

इथे मला थांबावेसे वाटते. या कार्यक्रमात सहा-सात गृहभेटी पूर्ण केल्या की आशाताईंना २५० रुपये देण्याचे ठरले. बाळ बेचाळीस दिवसांचे होईपर्यंत, उन्हापावसात, वस्तीवस्तीवर जाऊन. भेटीमागे चाळीस रुपयांच्या आसपास. हा कार्यक्रम ‘किफायतशीर’ ठरतो तो याच आकड्यामुळे. म्हणजे आपल्या सार्वजनिक आरोग्याची काटकसर खेड्यातल्या बाईच्या श्रमावर उभी आहे, आणि ते श्रम स्वस्त धरूनच आपण पुढचा हिशेब मांडतो. जामखेडच्या पहिल्या आरोग्य कार्यकर्त्याही पगारी नव्हत्या. त्यांना मान मिळाला, काहींना त्यातून धंद्यासाठी कर्जाची वाट मिळाली. पण एका प्रकल्पातला आपलेपणा देशभरच्या योजनेत जसाच्या तसा उतरत नाही. जून २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत असताना, महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. माझ्या लेखी तोही एक आर्थिक पुरावाच होता. दर चुकीचा लावला आहे, असे तो सांगत होता.

२०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली आरोग्य तंत्रज्ञानाच्या मूल्यमापनाची यंत्रणा काम करते आहे. नवे औषध किंवा उपकरण घ्यावे का, त्यातून निरोगी आयुष्याची किती वर्षे मिळतात आणि किती खर्चात, हे ती तपासते. एकदाच वापरता येणाऱ्या सुरक्षित सिरिंजचा तिने केलेला अभ्यास चांगला होता. हे काम वाढायलाच हवे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातले ६४.२ टक्के पैसे लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्के झाले. तरीही तो खिसा मोठाच आहे. आणि बुडालेली रोजंदारी, मोडलेली शेळी, सावकाराचे व्याज त्या टक्क्यांतही दिसत नाही.

रुंद वही आजही सरकारकडे आहे. प्रत्येक गावात एक समिती असते. तिचे नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. आरोग्य आणि पाणी तिथे एकाच पाटीवर आहे. तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळू शकतो, आणि तो कशावर खर्च करायचा हे गावाने ठरवायचे असते. त्या बैठकीला वस्तीवरची एक बाई बसलेली असावी, असे मला मनापासून वाटते. हापसा कोणत्या दिवसापासून बंद आहे आणि त्यानंतर कुणाकुणाच्या घरी पोरांना जुलाब लागले, हे ती नावानिशी सांगू शकते.