कार्ड हरवतं, आधार हरवत नाही

पाकीट मारलं गेलं की पैशांपेक्षा जास्त धसका आधार कार्डाचा बसतो. रेशन, बँक, पोरांचे दाखले, सिमकार्ड, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. पण गेलेली वस्तू असते एक छापील प्रत. मूळ आधार कुणाच्याच पाकिटात नसतं. संकेतस्थळावरून उतरवलेलं ई-आधार, पोस्टाने आलेलं पत्र आणि प्लॅस्टिकचं पीव्हीसी कार्ड, तिन्ही सारखीच ग्राह्य आहेत. तरीही 'ओरिजिनल दाखवा' म्हणून माणसांना काउंटरवरून परत पाठवलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

मग टिकून राहतो तो काय? बारा आकडी नंबर. आणि हा नंबर निवांत बसून पाहण्यासारखा आहे.

त्याची सुरुवात कधीच 0 किंवा 1 ने होत नाही. त्यात तुमचं गाव नाही, जात नाही, वय नाही. पॅन कार्डावर पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर असतं. आधारच्या अंकांत असा कसलाही सुगावा ठेवलेला नाही, ते यदृच्छेने निवडलेले असतात. म्हणजे पहिले अकरा अंक. बारावा मात्र निवडलेला नसतो, तो आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. याकोबस व्हरहॉफ या डच गणितज्ञाने 1969 मध्ये ही रीत मांडली. आकडे लिहिताना माणसं चुकतात कशी, हे त्याने बारकाईने पाहिलं होतं. एखादा अंक चुकीचा लिहिणं, नाहीतर शेजारचे दोन अंक उलटसुलट करणं, या नेहमीच्या चुका. साधी बेरीज इथे कामाची नाही, कारण 3 आणि 7 मिळवा की 7 आणि 3, उत्तर एकच येतं. अदलाबदल लपून जाते.

व्हरहॉफने बेरजेच्या जागी पंचकोन घेतला. करून बघण्यासारखं आहे. कागदाचा एक सुसम पंचकोन कापा, कोपऱ्यांना दोन्ही बाजूंनी खुणा करा. तो उजवीकडे एक कोपरा फिरवा आणि मग पुस्तकाचं पान उलटावं तसा पालथा करा. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून आधी पालथा करा, मग उजवीकडे फिरवा. खुणा वेगळ्याच जागी येतात! फिरवण्याचे पाच आणि पालथं करण्याचे पाच, असे मिळून बरोबर दहा प्रकार होतात, म्हणजे 0 ते 9 मधल्या प्रत्येक अंकाला एक. इथे क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. त्याच्या जोडीला प्रत्येक स्थानासाठी अंक बदलण्याचा एक ठरलेला नियम आहे, आणि दोन्ही मिळून एका अंकाची कुठलीही चूक आणि शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची कुठलीही अदलाबदल पकडतात. रेशन दुकानात घाईने टाइप केलेला चुकीचा नंबर यंत्र जागच्या जागी नाकारतं, ते या पंचकोनाच्या जोरावर.

आपल्या महाराष्ट्राचा या नंबराशी पहिल्या दिवसापासूनचा संबंध आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातली पहिली आधार कार्डं दिली गेली ती नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. आज ही नोंद सव्वाशे कोटींच्या पुढे गेली आहे.

कार्डाबरोबर नंबरही आठवत नसेल, तर नोंदणीची पावती शोधा. तिच्यावर चौदा अंकी नोंदणी क्रमांक असतो आणि शेजारी तारीख व वेळ, थेट सेकंदापर्यंत. दोन्ही जोडले की अठ्ठावीस अंक होतात, आणि तेवढ्यावर तुमची नोंद सापडते. पावतीही नसेल, पण मोबाइल लिंक असेल, तर नाव आणि ओटीपीवर नंबर परत मिळतो. फोन करायचा तर हेल्पलाइनचा क्रमांक 1947. पीव्हीसी कार्ड मागवलं तर ते स्पीड पोस्टाने येतं आणि नोंदीतल्याच पत्त्यावर येतं. दुसरा पत्ता सांगण्याची सोयच नाही. चोराची वाट तिथेच बंद होते.

कार्डावरच्या क्यूआर कोडमध्ये नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो असतो. आधार देणाऱ्या प्राधिकरणाची डिजिटल सही असते. कुणी फोटो बदलून नवा कोड बनवला, तर सही जुळत नाही, आणि हे इंटरनेटशिवायही तपासता येतं. पूर्ण नंबर मात्र त्यात नसतो, फक्त शेवटचे चार अंक.

कार्ड चोरीला गेलं असेल, तर आधी बायोमेट्रिक लॉक करा. आधारवरून पैसे काढायला नंबर आणि अंगठा दोन्ही लागतात, आणि कागदपत्रांवरच्या ठशांवरून रबरी अंगठे बनवून लोकांची खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात घडले आहेत. लॉक केल्यावर तो अंगठा चालत नाही. पोलिसांत हरवल्याची तक्रारही नोंदवून ठेवावी; नवी प्रत मिळवायला ती लागत नाही, पण पुढे गैरवापर झाला तर हाताशी पुरावा राहतो. पासपोर्टचा मामला वेगळा. तिथे पोलिसांचा कागद लागतोच, आणि नव्या पासपोर्टला नंबरही नवा मिळतो. आधारचा नंबर जन्मभर तोच.

अडचण खरी होते ती मोबाइल लिंक नसलेल्यांची. त्यांना बऱ्याचदा आधार केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा लागतो. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच उमटतात आणि जुळ्या भावंडांच्याही सारख्या नसतात. पण ऊस तोडणाऱ्या, विटा उचलणाऱ्या हातांवर त्या झिजतात आणि 'थंब लागत नाही' असं ऐकावं लागतं. अशा वेळी डोळ्यांची बुबुळं कामी येतात. नोंदणीच्या वेळी दहा बोटांबरोबर दोन्ही बुबुळंही टिपलेली असतात. त्यांची नक्षी श्रमाने झिजत नाही. म्हणून अंगठा लागला नाही, तर परत फिरू नका. डोळे तपासायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.