चित्रकार धुरंधर व त्यांची ग्रंथचित्रे

पुस्तक हाती पडले की मुले चित्रे आधी पाहतात व मजकूर मागून वाचतात. चित्रे काढणाऱ्याचे नाव मात्र कोणी शोधीत नाही. म्हणून रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांची ही ओळख.

जन्म कोल्हापूरचा. १८९० साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले, तेथेच शिक्षक झाले, व १९३० साली तिचे संचालकपद मिळविणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. आत्मवृत्तास त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे नाव दिले, ते यथार्थच होय.

दख्खनेत श्रावणात घरोघरी ज्या कहाण्या सांगतात, त्या किंकेडसाहेबांनी इंग्रजीत आणिल्या. ते पुस्तक १९१४ साली निघाले, चित्रे धुरंधरांची. आता अडचण पाहा. कहाणीत राजा असतो, नावडती असते. पण लुगडे कसे नेसले, नथ कशी होती, हे सांगितलेले नसते, कारण ऐकणारीस ते ठाऊकच असते. विलायतेतील वाचकास ते कोठून ठाऊक असणार? ते सारे चित्रकाराने पुरवावयाचे. आणि चुकले तर त्या वाचकास चूक कळावयाचीही नाही! येथे चित्रकाराचा प्रामाणिकपणा हाच काय तो पहारेकरी.

रॉथफील्ड यांच्या हिंदी स्त्रियांवरील ग्रंथात (१९२०) तर त्यांची ४८ रंगीत चित्रे आहेत. अशा कामास ‘पोटार्थी’ म्हणून हिणविणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. याच हाताने १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळविले होते.