नॅनोची मागची चाकं

टायरमध्ये भरायच्या नायट्रोजनचा हिशेब आज मांडायचं ठरलं होतं. तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मंठा तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न मध्येच आला आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाणं बरं नाही. त्यांच्याकडे पुढच्या चाकांना ओढ असलेली साधी सेदान आहे, चारही टायर एकाच मापाचे आहेत, आणि मागे त्यांना रुंद अलॉय आणि रुंद टायर बसवायचे आहेत. गाडी रुबाबदार दिसते हे कारण ते लपवत नाहीत, पण त्यांचा खरा मुद्दा निराळा आहे. त्यांचं म्हणणं असं, की अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची मागची चाकं पुढच्यांच्या जवळजवळ दुप्पट आहेत. ती बनवणाऱ्यांना काही कळत असेल म्हणूनच ना? मग कारलाच का नको?

प्रश्न भाबडा वाटेल, पण तसा तो नाही, आणि ट्रॅक्टरला बगल देऊन त्याचं उत्तरही देता येत नाही. आपल्याकडच्या मध्यम ताकदीच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरवर पुढे बहुधा ६.००-१६ आणि मागे १३.६-२८ अशी मापं दिसतात. म्हणजे पुढे सहा इंच रुंदीचा टायर सोळा इंची डिस्कवर, तर मागे साडेतेरा इंचांहून रुंद टायर अठ्ठावीस इंची डिस्कवर. हा फरक शोभेसाठी नाही. ओढायचं सगळं काम मागची चाकं करतात, वजनाचा मोठा वाटा मुळातच मागे असतो, आणि नांगर जमिनीत शिरला की उरलेलंही मागे सरकतं. पुढचा भाग इतका हलका होतो, की नाकावर लोखंडी वजनं लटकवावी लागतात. मोठ्या व्यासाच्या चाकाचा ठसा लांब पडतो, त्यामुळे भारी काळ्या जमिनीत ते कमी रुततं आणि दातऱ्यांना माती धरायला वाव मिळतो. पुढच्या चाकाला ओढायचं नसतंच, फक्त वळवायचं असतं. म्हणून त्याच्यावर दातरे नसतात, लांबीच्या दिशेने गेलेल्या दोन-तीन उभ्या कडा असतात. त्या मातीत सुरीसारख्या शिरतात आणि चाक आडवं घसरू देत नाहीत. माप वेगळं, नक्षी वेगळी, कारण कामच वेगळं. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर शेजारी उभा करून पाहा. पुढच्या चाकांनाही ओढायला लावलं, की ती लगेच मोठी होतात आणि त्यांच्यावरही दातरे येतात. तिथे पुढची चाकं मागच्यांपेक्षा साधारण १ ते ५ टक्के जास्त धावतील असं गणित गिअरमध्येच बांधलेलं असतं. मन मानेल त्या मापाचा टायर पुढे चढवला की ते गणित मोडतं, आणि मग चाकं आणि गिअर आपसात भांडत बसतात.

थोडक्यात, पुढच्या आणि मागच्या मापातला फरक हे कुठल्या तरी अडचणीवरचं उत्तर असतं. अडचणच नसेल तर उत्तराची गरज काय? कारमध्ये ही अडचण कधी येते हे पाहायला आलिशान जर्मन गाड्यांपर्यंत जायचं कारण नाही. आपल्या रस्त्यांवर फिरलेली सर्वांत स्वस्त गाडी पुरेशी आहे. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत दाखवलेली आणि २३ मार्च २००९ रोजी मुंबईत बाजारात आणलेली टाटा नॅनो आठवा. तिच्या पुढच्या चाकांना १३५/७० आर १२ आणि मागच्या चाकांना १५५/६५ आर १२ असे टायर होते. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ही गाडी रुपया-रुपया मोजून बांधली. वायपर एकच, चाकाला चारऐवजी तीनच नट, साध्या मॉडेलला डावीकडचा आरसाही नाही. अशा गाडीत एकच टायर चारही ठिकाणी वापरणं हाच खर्चाच्या दृष्टीने सरळ मार्ग होता. तरी त्यांनी दोन मापं घेतली. जिथे नटाचीही काटकसर झाली तिथे हा खर्च शोभेसाठी केला असेल, असं कोण म्हणेल?

कारण नॅनोच्या पाठीत होतं. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या आसनाखाली, ओढही मागच्या चाकांना. वळणावर गाडीचा जड भाग बाहेर फेकला जायला बघतो. तो भाग मागे असेल तर शेपूट फिरतं आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. सामान्य चालकाला ही गिरकी आवरत नाही, कारण घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की वजन पुढे जातं आणि शेपूट आणखी हलकं होतं. उलट आधी नाक सरळ जाऊ लागलं, तर पाय उचलल्यावर गाडी आपोआप वळणात परत येते. म्हणून शेपटाला पकड जास्त आणि नाकाला मुद्दाम थोडी कमी द्यायची. पुढच्या अरुंद टायरचा आणखी एक फायदा असा, की पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीचं स्टिअरिंग हाताला हलकं राहिलं.

हाच धडा पोर्शेला पुष्कळ मोठी किंमत मोजून शिकावा लागला होता. ९११ चं इंजिनही मागच्या चाकांच्या पाठीमागे, पण सुरुवातीच्या गाड्यांना चारही टायर एकाच मापाचे. शेपूट फिरण्याची खोड इतकी, की काही काळ पुढच्या बंपरच्या दोन टोकांना प्रत्येकी ११ किलोची वजनं दडवून ठेवली जात. ट्रॅक्टरच्या नाकावरची वजनं आठवावीत अशीच ही युक्ती. पुढे ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसला दाखवलेल्या करेरा आरएस २.७ ला पुढे १८५ आणि मागे २१५ रुंदीचे टायर आले. लाखाची नॅनो आणि कोटीची पोर्शे या बाबतीत एकाच पंगतीला बसतात, आणि दोघींच्या पानात वाढलेलं एकच आहे: मागचं वजन.

आता मंठ्याची सेदान. तिचं इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, रिकाम्या गाडीचं जवळपास साठ टक्के वजन पुढच्या चाकांवर. ओढायचं, वळवायचं आणि ब्रेक लावल्यावर मोठा भार घ्यायचा, ही तिन्ही कामं त्याच दोन टायरांच्या गळ्यात. अशी गाडी वळणावर मर्यादेपर्यंत नेली की आधी नाक सरळ जातं; बनवणाऱ्यांनी ती तशीच बेतलेली असते. तिच्या शेपटाला आणखी पकड देऊन कुठली अडचण सुटली? नाकाचा आडमुठेपणा तेवढा वाढला. ट्रॅक्टरचा दाखला घेतलाच आहे तर तो पूर्ण घ्यावा: जी चाकं ओढतात ती मोठी. या सेदानची ओढणारी चाकं पुढे आहेत.

यावर कोणी म्हणेल, मग रुंद टायर पुढे लावू. तर्क चुकीचा नाही, आणि जगात असं केलंही जातं. ऑडीच्या आताच्या आरएस ३ ला पुढे २६५ आणि मागे २४५ रुंदीचे टायर मिळतात. पण ती चारशे अश्वशक्तीची गाडी आहे आणि तिचं सस्पेन्शन त्या मापांसाठीच जुळवलेलं आहे. आपल्या साध्या गाडीत पुढे रुंद टायर घातला तर पूर्ण वळवल्यावर तो मडगार्डला घासतो, स्टिअरिंग रस्त्यातल्या प्रत्येक चरीमागे धावतं, आणि शेपूट नाकापेक्षा दुबळं होतं. शेवटची गोष्ट सर्वांत वाईट.

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, हेही पूर्ण खरं नाही. टायरचा रस्त्यावरचा ठसा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: त्याच्यावरचं वजन आणि आतली हवा. दोन्ही तेवढ्याच ठेवून टायर रुंद केला, तर ठशाचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, आकार बदलतो. लांबट होता तो आखूड आणि आडवा होतो. कोरड्या वळणावर हा आडवा ठसा कामाचा, कारण टायर बाजूला कमी पिळवटतो. पावसात मात्र त्याला जास्त रुंदीचं पाणी बाजूला सारावं लागतं आणि त्यासाठी वेळ कमी मिळतो. रिकाम्या डिकीच्या हलक्या शेपटाखाली रुंद टायर घालणं म्हणजे नेमका हाच तोटा विकत घेणं.

शिवाय खर्च. पुढच्या ओढीच्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे फिरवायचे, म्हणजे चारही एकत्र म्हातारे होतात. मापं वेगळी झाली की हे फिरवणं बंद. आणि स्टेपनी? ती एकाच जोडीच्या मापाची असणार; पंक्चर मात्र कुठल्याही चाकाला होतं. स्टेपनी हा शब्द आपण घरचा असल्यासारखा वापरतो, पण तो वेल्समधल्या लानेल्ली गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आला. तिथे १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी गाडीला जोडायचं जादा चाक काढलं, कारण त्या काळी मोटारीला असं चाक मिळतच नसे. कंपनी कधीच गेली, शब्द आपल्या पंक्चरच्या दुकानांत राहिला. एकच जादा चाक कुठेही बसावं यातली सोय ओळखायला आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही: जुन्या चेतक स्कूटरला पुढे-मागे ३.५०-१० हे एकच माप होतं, रिक्षाच्या तिन्ही चाकांना ४.००-८ हे एकच. आता २०२० च्या नियमबदलानंतर हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या ट्यूबलेस टायरच्या छोट्या गाड्यांना स्टेपनीशिवायही चालतं. पण टायरची कडच फाटली तर तो संच काय करणार? मग रात्री परतूरच्या रस्त्यावर नेमका मागच्याच मापाचा टायर शोधत बसायचं.

इतकं वाचून चारही चाकं सारखी असलेले वाचक निर्धास्त झाले असतील, तर जरा थांबावं. मापं सारखी असूनही गाडीची पकड पुढे-मागे विषम असू शकते, आणि ही विषमता आपल्याकडे घरोघरी आहे. दोन टायर झिजले, दोनच नवे घेतले, नवे पुढे बसवले आणि अर्धे झिजलेले मागे. ‘वळवायचं तर पुढच्यांनीच ना,’ हे त्यामागचं कारण. नॅनोच्या चमूने जे टाळायला खर्च केला ते आपण फुकटात ओढवून घेतो: नाकाला पकड जास्त, शेपटाला कमी. कोरड्या रस्त्यावर हे कळत नाही. पावसात नव्या टायरच्या खोल चरी पाणी बाहेर टाकतात, पुढची चाकं इमानाने वळतात, आणि मागची चाकं पाण्यावर तरंगू लागतात.

हे तरंगणं कुठल्या वेगाला सुरू होतं, याचा एक जुना ठोकताळा आहे. नासाच्या लँग्ले केंद्रात विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतून तो १९६० च्या दशकात निघाला: हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढायचं, त्याला नऊने गुणायचं, उत्तर नॉटमध्ये येतं. आपल्या गाडीत ३२ पीएसआय हवा असेल तर ते तासाला सुमारे ९४ किलोमीटर होतं. हा आकडा नक्षी गेलेल्या टायरचा, किंवा नक्षी बुडेल इतक्या पाण्याचा. कारचा रुंद ठसा त्याआधीच उचलला जाऊ शकतो. समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो, आणि तिथे कारची वेगमर्यादा १२० आहे. परिवहन विभागाने २०२३ मध्ये त्या रस्त्यावर टायर तपासणी सुरू केली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या, ते योग्यच झालं. पण कायद्याची किमान नक्षी १.६ मिलिमीटर आहे. पुढे सात-आठ मिलिमीटरचे कोरे टायर आणि मागे दोन मिलिमीटर उरलेले अशी गाडी त्या तपासणीतून सहज सुटेल, आणि मुसळधार पावसात वळणावर शेपूट फिरवेल.

‘पण पुढचा टायर फुटला तर?’ ही शंका हमखास येते. फुटण्याचं कारण बहुतेक वेळा नक्षी नसून कमी हवा, जादा भार किंवा कडेला बसलेला मार असतो. नवा टायरही त्यातून सुटत नाही. पुढचा टायर गेला तर गाडी एका बाजूला ओढते, पण स्टिअरिंग तरी हातात असतं. मागच्या चाकांनी जागा सोडली तर त्यांना सांगायला कुठलंच स्टिअरिंग नाही. मोठे टायर उत्पादकही नवी जोडी मागे बसवायला सांगतात. आपल्या दुकानांत अजून उलटं चालतं, आणि ते गिऱ्हाइकाच्या आग्रहाने चालतं.

तेव्हा मंठ्याच्या वाचकांना उत्तर नाही असंच आहे. रुंद अलॉयचे पैसे वाचतील, त्यांत कंपनीने दिलेल्या मापाचे चार चांगले टायर घ्यावेत. चार जमत नसतील तर दोन घ्यावेत, मागे बसवून घ्यावेत आणि दुकानदार पुढे बसवू लागला तर त्याला अडवावं. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाची पट्टी चिकटवलेली असते. पुढच्या आठवड्यापर्यंत तिच्यावरचे आकडे सगळ्यांनीच वाचून ठेवा, नायट्रोजनची गोष्ट तिथूनच सुरू करायची आहे.