डब्ल्यूडीजी-४ : ओढण्याची ताकद आणि थांबण्याचं गणित

शेंद्र्याजवळून मनमाड–जालना–परभणी हा रेल्वेमार्ग जातो. करमाड स्टेशन इथून जवळच आहे. औद्योगिक वसाहतीमुळे शेंद्र्याचं नाव आता दूरवर गेलं. पण ही रेल्वे त्याच्या कितीतरी आधीची. निजामाच्या राजवटीत, १९०० च्या सुमारास, हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावानं ती सुरू झाली. रूळ एक मीटर रुंदीचे. मनमाडला मोठ्या रुळावरून आलेला माल हमाल उतरवायचे आणि लहान रुळावरच्या डब्यांत भरायचे. १९९० च्या दशकात मार्गाचं रुंदीकरण झालं आणि मोठी, दणकट डिझेल इंजिनं या भागात आली. आज मी तुम्हाला मालगाडी ओढणाऱ्या अशाच एका इंजिनाची हकिकत सांगणार आहे. त्याचं नाव डब्ल्यूडीजी-४.

नाव रुक्ष वाटतं, पण त्यात सगळी ओळख आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंद रूळ, ‘डी’ म्हणजे डिझेल, ‘जी’ म्हणजे गुड्स, अर्थात माल. लहान रुळासाठी ‘वाय’, प्रवासी गाडीसाठी ‘पी’ आणि दोन्ही कामं करणाऱ्यासाठी ‘एम’. इंजिनाच्या अंगावर त्याच्या शेडचंही नाव लिहिलेलं असतं. आमच्या मार्गावर मौला अली, काझीपेट, गुत्ती, पुणे अशी नावं वाचायला मिळायची. सिकंदराबादजवळच्या मौला अलीच्या टेकडीवर दर्गा आहे आणि त्याच नावाची डिझेल शेडही. शंभराहून जास्त टनांच्या धुडावर ते नाव वाचताना मला नेहमीच मौज वाटायची.

आता एक गैरसमज दूर करू या. डिझेल इंजिनात डिझेल थेट चाकं फिरवत नाही. डिझेल जळून जनित्र फिरतं, जनित्रातून वीज निघते आणि ती वीज चाकांजवळच्या मोटारींना मिळते. चाकं फिरवतात त्या मोटारी. म्हणजे हे इंजिन रुळांवरून धावणारं एक वीजघरच आहे. म्हणूनच त्याला डिझेल-इलेक्ट्रिक म्हणतात.

भारतात या इंजिनांचा जम बसवला तो डब्ल्यूडीएम-२ ने. अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं हे इंजिन १९६२ मध्ये आपल्याकडे आलं आणि १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल कारखान्यात बनू लागलं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. पुढची तीन दशकं त्यानं मेलगाडीही ओढली आणि मालगाडीही. पण मालाचा बोजा वाढत गेला, तशी त्याची मर्यादा दिसू लागली. ही मर्यादा नुसत्या अश्वशक्तीची नव्हती. चाक घसरण्याची होती.

पोलादी चाक पोलादी रुळावर फिरतं. दोन्ही गुळगुळीत, त्यामुळे घर्षण कमी. रेल्वे स्वस्तात माल नेऊ शकते ती याच गुणामुळे. पण गाडी हलवताना हाच गुण आड येतो. जोर जास्त झाला की चाक जागच्या जागी गरगर फिरतं. पाऊस असेल, रुळावर ओला पालापाचोळा पडलेला असेल, तर विचारूच नका. यावरचा जुना उपाय म्हणजे चाकापुढे वाळू सोडणं. तो आजही चालतो. मात्र स्वतःच्या वजनाच्या साधारण सत्तावीस टक्के एवढाच ओढा डब्ल्यूडीएम-२ ला सुरुवातीला लावता येत असे. म्हणजे तीस टनांच्या आसपास.

१९९५ मध्ये रेल्वेनं अमेरिकेच्या जनरल मोटर्सशी करार केला. त्यांच्या नव्या मालवाहू इंजिनाचं भारतीय नाव पडलं डब्ल्यूडीजी-४. काही इंजिनं तयार होऊन आली, काही सुट्या भागांत आली आणि २००२ पासून ती वाराणसीत तयार होऊ लागली. ४००० अश्वशक्ती, १२६ टन वजन, सहा आसांवर प्रत्येकी एकवीस टन भार. सुरुवातीचा ओढा मात्र सुमारे ५४ टन. वजन तेरा टनांनीच वाढलं, ओढा जवळजवळ पावणेदोन पट झाला. हे कसं जमलं?

जुन्या मोटारी एकदिश विजेवर चालत. डब्ल्यूडीजी-४ च्या मोटारी त्रिकला प्रत्यावर्ती विजेवर चालतात. जनित्राच्या विजेची वारंवारता इलेक्ट्रॉनिक यंत्रणा क्षणाक्षणाला बदलते आणि मोटारीचा वेग तिच्या मुठीत ठेवते. इंजिनाखाली जमिनीकडे रोखलेलं रडार खरा वेग मोजतं. चाक त्या वेगापेक्षा किती जास्त फिरतंय, हे संगणकाला कळतं. घसरण हाताबाहेर जायच्या आत तो मोटारीचा जोर नेमका तेवढा आवरतो. बैलगाडीवाला चिखलात बैलांना एकदम हिसडा मारू देत नाही, जोर धरून ठेवायला लावतो, तसंच हे.

या इंजिनांचं पहिलं मोठं घर होतं हुबळीची शेड. तिथून जवळच कॅसलरॉक ते कुळे हा सह्याद्रीतला घाट आहे. सदतीस मीटर गेलं की एक मीटर चढ, धो धो पाऊस, आणि कर्नाटकातल्या खाणींचं लोहखनिज मुरगाव बंदराकडे नेणाऱ्या गाड्या. या इंजिनाची खरी परीक्षा झाली ती अशा वाटेवर. उतारावर आणखी एक गुण कामी येतो. चाकं मोटारींना फिरवू लागतात, मोटारी जनित्र बनतात आणि निघालेली वीज रोधकांमध्ये जाळून टाकली जाते. त्यातून गाडीला लगाम बसतो.

पण मित्रहो, हा लगाम फक्त इंजिनाचा. मागच्या गाडीचं काय? भरलेली मालगाडी पाच हजार टनांच्या आसपास जाते, तिची लांबी अर्ध्या किलोमीटरहून जास्त असते. ब्रेक लावला की नळीतला हवेचा दाब कमी होत होत डब्यामागून डब्याकडे जातो. शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. चाकं जाम केली तर ती रुळावर घसरतात. त्यामुळे वेगातली मालगाडी थांबायला किलोमीटरभर अंतर सहज लागतं. ओढण्याची ताकद आपण तीस टनांवरून चोपन्नावर नेली. त्यामुळे गाड्या लांब आणि जड झाल्या. पण चाक आणि रूळ यांच्यातलं घर्षण निसर्गानं दिलं तेवढंच राहिलं.

हे मी उगाच सांगत नाही. ८ मे २०२० ची पहाट या भागातला माणूस विसरलेला नाही. टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला भुसावळच्या दिशेनं पायी निघाले होते. रुळांच्या कडेनं चालून थकले आणि करमाडजवळ रुळांवरच झोपले. सव्वापाचच्या सुमारास मनमाडजवळच्या पानेवाडीकडे जाणारी, रिकाम्या टँकरांची मालगाडी आली. चालकानं भोंगा वाजवला, ब्रेकही लावला. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या सगळ्या देशानं पाहिल्या. प्रवासी गाड्या बंद होत्या, म्हणून रेल्वेच बंद आहे असं कुणालाही वाटलं असतं. मालगाड्या मात्र एक दिवसही थांबल्या नव्हत्या. घराघरात धान्य आणि इंधन त्यांनीच पोहोचवलं. पायी निघालेल्या त्या माणसांपर्यंत ही एवढी माहिती पोहोचवणारं कुणी नव्हतं. हा दोष इंजिनाचा नाही, चालकाचाही नाही.

आता काळ पुन्हा बदललाय. आमच्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि ३० डिसेंबर २०२३ ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. २०१५ मध्ये जीई कंपनीशी हजार नव्या डिझेल इंजिनांचा करार झाला होता; त्यासाठी उभारलेल्या बिहारमधल्या मढौऱ्याच्या कारखान्यातून २०२५ मध्ये आफ्रिकेतल्या गिनी देशाला इंजिनं जाऊ लागली. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातला ‘डिझेल’ हा शब्द २०२० मध्ये गळाला आणि तिथे विजेची इंजिनं बनतात. खरं तर डिझेल इंजिनातही चाकं विजेच्या मोटारीच फिरवत होत्या. इंजिनाच्या पोटातलं वीजघर तेवढं बाहेर गेलं आणि वीज वरच्या तारेतून येऊ लागली.

धूर गेला, खर्च वाचला, चांगलंच झालं. पण डिझेलची धडधड दूरवरून ऐकू यायची. रुळाकाठची बाई शेळ्या हाकायची, पोरं बाजूला व्हायची. विजेचं इंजिन त्या मानानं गुपचूप येतं आणि वेगही जास्त असतो. कान देऊन रूळ ओलांडायची आपली सवय आता पुरेशी नाही. शाळेत, ग्रामसभेत, कारखान्याच्या फाटकावर हे सांगायला हवं आणि ज्या भाषेत मजुराला कळेल त्या भाषेत सांगायला हवं. चालकाला आपण दिसलो म्हणजे गाडी थांबेलच, असं नसतं.