तालुका एक, आमदार तीन

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा तालुक्याला तहसीलदार एक, खासदार एक. आमदार मात्र तीन. उत्तूर भागातला मतदार कागलचा आमदार निवडतो, आजरा शहर राधानगरीसाठी मत देते आणि तालुक्याचा आणखी एक भाग चंदगडला जोडलेला आहे. ही वाटणी २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेतली. तिच्याबद्दल पारावर जे बोलले जाते त्यातले किती खरे, ते कागद-पेन्सिल घेऊन तपासू.

गैरसमज : मतदारसंघ मतदारांची संख्या पाहून आखतात.
वस्तुस्थिती : मतदारयादी नव्हे, जनगणना पाहून आखतात. पाळण्यातले मूलही त्यात मोजले जाते. २००८ ची आखणी २००१ च्या जनगणनेवर झाली.

गैरसमज : आजरा फोडण्यामागे राजकारणाशिवाय दुसरे कारणच नाही.
वस्तुस्थिती : आधी भागाकार करा. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे ९ कोटी ६९ लाख आणि विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका आमदारामागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे. कोल्हापूर जिल्ह्यात होती ३५ लाख २३ हजार. उत्तर येते १०.४७. म्हणून जिल्ह्याच्या १२ जागांच्या १० झाल्या आणि गडहिंग्लज मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. आजऱ्याची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे एका जागेचा जेमतेम तिसरा हिस्सा. स्वतंत्र आमदार मिळणे शक्यच नव्हते. कुणाच्या तरी पंगतीला बसणे भाग होते.

गैरसमज : मग तीन तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते.
वस्तुस्थिती : तसेही नाही. २०११ चे आकडे घेऊन पाहा. कागल २ लाख ७५ हजार, गडहिंग्लज २ लाख २६ हजार, राधानगरी २ लाख, चंदगड १ लाख ८७ हजार, भुदरगड दीड लाख, आजरा १ लाख २० हजार. या तीन मतदारसंघांत येणारे हे सहा तालुके मिळून साडेअकरा लाखांवर. जिल्ह्याच्या सरासरीने बरोबर तीन जागा. आता राधानगरी-भुदरगड एकत्र ठेवा : साडेतीन लाख, सरासरीपेक्षा सुमारे १० टक्के कमी. चंदगडला अख्खा आजरा आणि गडहिंग्लजचे ९७ हजार जोडा, उरलेले गडहिंग्लज कागलला द्या. दोन्हीकडे ४ लाख ४ हजार, सरासरीपेक्षा जेमतेम ४ टक्के जास्त. आजरा अखंड राहतो. तराजू मात्र थोडा कलतो. तराजू सरळ हवा की तालुका अखंड, हे गणित सांगत नाही. ते माणसांना ठरवावे लागते.

गैरसमज : वेडावाकडा नकाशा म्हणजे लबाडी, सुबक नकाशा म्हणजे न्याय.
वस्तुस्थिती : १८१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात सरड्यासारख्या आकाराचा मतदारसंघ आखला गेला, तेव्हापासून आकाराकडे संशयाने पाहिले जाते. पण सह्याद्रीच्या कुशीत घाट, नदी आणि रस्ता पाहून ओढलेली रेघ वाकडी असणारच. उलट सुबक आखणीही फसवी असू शकते. तीन ओळींत तीन-तीन अशा नऊ वाड्या घ्या. चार वाड्या ‘क’ पक्षाच्या, पाच ‘ख’ च्या. पहिल्या दोन ओळींत प्रत्येकी दोन ‘क’, एक ‘ख’. तिसऱ्या ओळीत तिन्ही ‘ख’. प्रत्येक आडवी ओळ हा एक मतदारसंघ धरला, तर वाड्या कमी असूनही ‘क’ दोन जागा जिंकतो. रेघा सरळ, संख्या समान, निकाल उलटा.

गैरसमज : जितकी मते, तितक्या जागा.
वस्तुस्थिती : २०२४ च्या लोकसभेला राज्यात महाविकास आघाडी आणि महायुती या दोघांनाही सुमारे साडेत्रेचाळीस टक्के मते पडली. जागा मिळाल्या ३० आणि १७. सर्वाधिक मते घेणारा जिंकतो, या पद्धतीत मते किती यापेक्षा ती कुठे पडली याला वजन येते.

गैरसमज : पसंतीक्रमाची पद्धत आणली की सगळे दोष संपतील.
वस्तुस्थिती : आजऱ्याचा पदवीधर ही पद्धत वापरतोच. विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघात तो १, २, ३ असा क्रम लिहितो. तिथे मत वाया जाण्याची भीती कमी होते, पण संपत नाही. तीन किंवा अधिक उमेदवार असतील तर न्यायाच्या साध्या-साध्या अटीही सगळ्या एकदम पाळणारी पसंतीक्रमाची पद्धत असूच शकत नाही, हे केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले.

२०२६ नंतरच्या जनगणनेवर पुढची आखणी व्हायची आहे. प्रारूप प्रसिद्ध होईल, हरकती मागवल्या जातील. तेव्हा ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढेच लिहून अर्ज देऊ नका. महसूल मंडळांची लोकसंख्या मांडा, बेरीज करा आणि आपली पर्यायी वाटणी सोबत जोडा. आकडेवारीसह आलेली हरकत नुसती बाजूला सारणे अवघड जाते. तिचा विचार करावा लागतो.