नव्या चेनची आखडलेली कडी

घड्याळाच्या पोलादी चेनमध्ये दर दोन कड्यांच्या मध्ये एक सांधा असतो आणि त्या सांध्यातून बारीक पिन आरपार गेलेली असते. ही पिन एका कडीत घट्ट बसते, दुसरी कडी तिच्याभोवती मोकळी फिरते. फिरणाऱ्या कडीचे भोक पिनेपेक्षा किंचितच मोठे असते. त्या भोकातली फट मळाने भरली, पिन वाकली किंवा कडीची बाजू चेपली, की सांधा आखडतो. बाकीची चेन मनगटावर गोलाईने बसते आणि तेवढा एक सांधा सरळ राहून वर उचलला जातो. तिथे हाताचे केस ओढले जातात, कातडीला कड टोचते आणि घड्याळ एका बाजूला कलते.

कारखान्यातून येणारी चेन मोठ्या मनगटाच्या मापाची असते. ती विकत घेतल्यावर कमी करून घ्यावी लागते. लग्नसराईत नवरदेवासाठी घेतलेले घड्याळ भोरच्या बाजारपेठेत हमखास याच कामासाठी घड्याळजीच्या टेबलावर येते. ‘चेन ढिली होतेय, दोन कड्या काढा’ एवढीच मागणी असते. घड्याळ मनगटाच्या मध्यावर राहावे म्हणून कड्या लॉकच्या दोन्ही बाजूंनी काढल्या जातात. त्यामुळे नवी चेन आखडली असेल तर पहिला प्रश्न हाच विचारावा: आखडलेला सांधा या उघडलेल्या सांध्यांपैकी आहे का? असेल तर संशय पिनेवर किंवा ठोकाठोकीवर जातो. नसेल तर दोष बहुधा कारखान्यातूनच आलेला असतो.

नेमका सांधा शोधायला हत्यार लागत नाही. चेन घड्याळापासून सोडवावी, एका टोकाला धरावी आणि आडव्या बोटावरून एकेक कडी सरकवत न्यावी. मोकळी कडी स्वतःच्या वजनाने खाली पडते. आखडलेली कडी हवेत तशीच उभी राहते, किंवा थांबून थांबून खाली येते. मग चेन उलटी करून पुन्हा पाहावे, कारण काही सांधे एकाच दिशेने अडतात. घड्याळाच्या कानांना लागून असलेली कडी आणि लॉकजवळची कडी मुळातच कमी वळते, तो दोष समजू नये. चेनच्या दुसऱ्या बाजूला त्याच जागी असलेली कडी किती वळते, हे पाहिले की शंका मिटते.

सांधा सापडला की तो उजेडासमोर धरावा. घड्याळजी डोळ्याला भिंग लावतो. घरी साधे भिंगही चालते. चांगल्या सांध्यात मधल्या कडीच्या दोन्ही अंगांना उजेडाची बारीक रेघ दिसते आणि दोन्ही रेघा सारख्या असतात. एका अंगाची रेघ बुजलेली असेल, तर कडी त्या बाजूला दाबली गेली आहे किंवा बाहेरची बाजू आत चेपली आहे. दोन्ही रेघा ठीक असूनही कडी जड फिरत असेल, तर अडचण भोकाच्या आत आहे. शेवटी चेनच्या कडेवरून नख फिरवावे. नख अडले तर पिनेचे टोक बाहेर राहिले आहे. सगळ्या तपासणीत सांधा उजेडासमोर पाहण्याची ही पायरी सर्वांत मोलाची आहे आणि नेमकी हीच गाळली जाते. आखडण्याचे कारण न पाहता तेल सोडणारा माणूस चेपलेल्या कडीवर आठवडाभर तेल घालत बसतो.

चेन कमी करताना होणारे बिघाड ओळखीचे आहेत. कड्यांच्या आतल्या अंगावर छोटे बाण कोरलेले असतात. पिन बाणाच्या दिशेने बाहेर काढायची आणि बसवताना उलट दिशेने घालायची असते. बऱ्याच चेनमध्ये पिनेचे एक टोक चिरलेले असते. सलग टोक आधी आत जाते आणि चिरलेले टोक शेवटी फुगून घट्ट बसते. उलटी घातलेली पिन वाकडी जाते किंवा अर्ध्यात रुतते. कडी नीट टेकवून न धरता हातोडी मारली तर बाहेरची बाजू चेपते. काही चेनमध्ये पिनेबरोबर मधल्या कडीत एक इवलीशी नळी असते. ती सरकली तर सांधा अडतो आणि ती टेबलावरून खाली पडून हरवली तर पिन टिकतच नाही. स्क्रूच्या चेनमध्ये स्क्रू सुटू नये म्हणून चिकटद्रव लावतात. तो थेंबभर जास्त झाला, की भोकात उतरून सांध्यातच सुकतो.

कारखान्यातले दोष वेगळे. चकाकी आणायला वापरलेला मेणकट पॉलिशचा लगदा सांध्यात राहून घट्ट होतो. मुलामा दिलेल्या चेनमध्ये सोनेरी थर कडांवर जाड बसतो आणि फट कमी होते. भोक पाडताना कडेला उरलेली धातूची कुसळ, म्हणजे ‘बर’, पिनेला घासत राहते. शिरवळ आणि खेड शिवापूरच्या कारखान्यांत मशीनवर काम करणाऱ्यांना ही बर सांगावी लागत नाही. तयार भागावरची बर काढणे हे तिथले नेहमीचेच काम असते.

आखडलेली कडी कोरडीच जोराने वळवणे धोक्याचे असते, आणि त्याचे कारण पोलादाच्या घडणीत आहे. चांगल्या चेन बहुधा ३१६एल जातीच्या पोलादाच्या असतात. त्यात १६ ते १८ टक्के क्रोमियम, १० ते १४ टक्के निकेल आणि २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच गंजापासून राखण करतो. त्याच पोलादाचे दोन पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांवर घासले, की हा थर फाटतो आणि उघडी धातू उघड्या धातूला चिकटते. कण ओरबाडले जातात, सांधा आणखी जड होतो, आणि मग पिन काढणेही कठीण जाते. टायटॅनियमच्या चेनमध्ये हा धोका जास्त असतो.

म्हणून आधी धुणे. चेन सोडवलेली असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून ती पंधरा-वीस मिनिटे भिजवावी. कोमट पाण्याने पॉलिशचे मेण मऊ पडते. मग मऊ ब्रशने सांध्याच्या दोन्ही बाजू घासाव्यात आणि पाण्यातच कडी पुढे-मागे हलवावी. पाणी करडे झाले तर मळ निघतो आहे असे समजावे. घड्याळ चेनला जोडलेले असेल तर ते बुडवू नये. ‘३० मीटर’ लिहिलेले घड्याळ फक्त शिंतोडे सोसण्यापुरते असते. नंतर स्वच्छ पाण्याने विसळून चेन वाळवावी. वेल्ह्याच्या पावसात दांडीवरचे कपडे दिवस दिवस ओले राहतात, तिथे चेनही आपोआप सुकत नाही. केस वाळवायच्या यंत्राची ऊब कामी येते. भातलावणीत चेन हातात राहिली तर चिखलाचे बारीक कण घामाबरोबर सांध्यात बसतात. नव्या चेनमध्येही आठवड्यात जडपणा येतो आणि तो मात्र नुसत्या धुण्याने जातो.

धुऊनही सांधा जड असेल तर शिलाई मशीनचे पातळ तेल घ्यावे. सुईच्या टोकावर मावेल एवढेच तेल पिनेच्या दोन्ही टोकांशी आणि उजेडाची रेघ दिसते त्या फटीत सोडावे. थोडा वेळ मुरू द्यावे आणि मग कडी तिच्या वळण्याच्या दिशेनेच, न पिळता, संथपणे पुढे-मागे हलवत राहावे. फटीतून काळपट तेल बाहेर येऊ लागते: ती पॉलिशची आणि धातूची भुकटी असते. ते कापडाने टिपावे, पुन्हा थेंब द्यावा, पुन्हा हलवावे. पंधरा-वीस मिनिटांत बहुतेक बारीक कुसळी बसून जातात. काम झाले की चेन साबणाने पुन्हा धुवावी, कारण सांध्यात उरलेले तेल धूळ धरते आणि शर्टाची बाही काळी करते. खोबरेल तेल घरात हाताशी असते, तरी ते वापरू नये. सुमारे २४ अंशांखाली ते थिजते आणि भोर-वेल्ह्याच्या थंडीत पहाटे त्याहून पुष्कळ गारठा असतो. सकाळी सांधा पुन्हा आखडलेला सापडतो.

एवढ्यानेही फरक पडला नाही तर पिन बाहेर काढावी लागते. चेन खाचेच्या नायलॉन ठोकळ्यात सपाट बसवून, बाणाची दिशा पाहून, पिनेपेक्षा किंचित बारीक पंचाने हलक्या ठोक्यांत पिन सरकवावी. निघालेली पिन काचेवर लोटावी. सरळ पिन एकसारखी गडगडते, वाकडी पिन उड्या मारत जाते. वाकडी पिन सरळ करत बसू नये, त्याच जाडीची आणि लांबीची नवी घालावी. दातकोरणीला थोडे तेल लावून भोक आतून फिरवून पुसावे. पिन घालण्याआधी दोन्ही कड्या नुसत्या जुळवून पाहाव्यात. पिनेशिवायही त्या एकमेकींना घासत असतील तर कडी चेपलेली आहे.

चेपलेली कडी उचकटून सरळ करता येते, पण पोलाद तिथे ओरखडते आणि बाजू पुन्हा एकसारखी क्वचितच होते. इथे चेन कमी करताना निघालेल्या कड्या उपयोगी पडतात. दुकानदार त्या लहान पिशवीत घालून देतो आणि त्या पिना-नळ्यांसकट जपून ठेवायच्या असतात. चेपलेली कडी काढून तिच्या जागी यांतली एक बसवणे हा सर्वांत स्वच्छ उपाय आहे. काही चेन लॉककडे निमुळत्या होत जातात, त्यात मात्र त्याच रुंदीची कडी शोधावी लागते. स्क्रूच्या चेनमध्ये सुकलेला चिकटद्रव कोमट पाण्याने हलत नाही. सांध्याला आधी गरम हवेची ऊब द्यावी लागते आणि स्क्रूच्या खाचेत अचूक बसणारा पेचकसच वापरावा लागतो.

उघडलेल्या सांध्यांपैकी नसलेला सांधा धुऊनही अडत असेल आणि घड्याळ वॉरंटीत असेल, तर पंच हातात घेऊ नये. पुणे भोर-वेल्ह्याहून ५०-६० किलोमीटर दूर आहे, तरी कंपनीच्या सेवाकेंद्रापर्यंतची ही खेप करावी. घरी ठोकलेल्या पिनेच्या खुणा चेनवर दिसल्या, तर वॉरंटीतली बदली नाकारली जाऊ शकते. जाताना पावती, वॉरंटी कार्ड आणि काढलेल्या कड्यांची पिशवी बरोबर न्यावी आणि आखडलेल्या सांध्यावर आतल्या बाजूने कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावावा, म्हणजे तिथल्या माणसाला तो शोधत बसावे लागत नाही.